रिंकचा उंबरा

माझी नणंद मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही, आणि तिलाही मी आवडले नाही. आमचं एकमत झालेली ही एवढी एकच गोष्ट. ती माझ्या नवऱ्याहून मोठी, म्हणून तोंडावर मी तिला 'ताई, तुम्ही' म्हणते. मनात मात्र पहिल्यापासून अगं-तुगं चालतं. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा तिनं पडद्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "चादरी उरल्या होत्या वाटतं." तेव्हापासून आमचं जे जुंपलं ते आजतागायत.

तेव्हा तिला दोन्ही पाय होते. कागदाच्या गोदामात ती माल उतरवून घ्यायची. एके दिवशी मागे येणाऱ्या ट्रकनं तिला धक्क्याच्या भिंतीशी चेपलं. दोन्ही पाय गुडघ्यांच्या वरून काढावे लागले. हॉस्पिटलात भेटायला गेले तेव्हा काय बोलावं मला सुचेना. "ताई, देवाची कृपा, जीव वाचला," असं म्हणून गेले. ती म्हणाली, "कृपाच करायची होती तर त्या ड्रायव्हरला ट्रकचा आरसा पुसायची बुद्धी द्यायची."

दुःखानं माणूस मऊ होतो म्हणतात. ही आणखी कडक झाली. पाणीपुरवठा खात्यात तिला तक्रारी ऐकायची नोकरी मिळाली. कानाला फोन लावून बसायचं, नळ आटलेल्या नाहीतर पाइप फुटलेल्या लोकांचं ऐकून घ्यायचं. दिवसभर लोक तिला शिव्या घालत, आणि ती त्या साठवून संध्याकाळी आमच्यावर खर्च करी.

माझा नवरा तेव्हा गावातल्या बर्फाच्या रिंकचा मॅनेजर होता. मी तिथंच बर्फावर घसरायचे पात्यांचे बूट भाड्यानं द्यायच्या खिडकीत बसायचे. ओल्या मोज्यांचा वास, रबरी चटया, बर्फ घासून गुळगुळीत करणाऱ्या यंत्राची घरघर, हाच आमचा संसार. रिंक होती हॉकी क्लबच्या जिवावर, आणि क्लब होता अध्यक्षांच्या खिशात. अध्यक्ष म्हणजे गावातले सोफे-कपाटांचे मोठे व्यापारी. माणूस गोड बोलायचा, पण समोरच्याकडे असा बघायचा की जणू तो जुना सोफा आहे आणि परत घ्यायला आणलाय.

एका वर्षी दुसऱ्या गावाहून एक दाढीवाला प्रशिक्षक आला. त्याचे स्वतःचे पाय लहानपणापासून लुळे. गाडीत त्यानं स्लेज भरून आणल्या होत्या. स्लेज म्हणजे खाली दोन पाती आणि वर बसायला खोलगट आसन. त्यात माणसाला पट्ट्यांनी आवळून बसवायचं. दोन हातांत दोन आखूड काठ्या. काठीच्या एका टोकाला खिळे, ते बर्फात रोवून स्वतःला पुढं ढकलायचं. दुसरं टोक वाकडं, त्यानं चकती मारायची, बर्फावर चेंडूऐवजी रबरी चकती असते. हॉकी तीच, फक्त बसून.

गावातून कुणीच आलं नाही तर शोभा होईल म्हणून माझ्या नवऱ्यानं ताईची मनधरणी केली. ती आली ती उपकार करायला, आणि ते तिनं वाटेत त्याला तीनदा ऐकवलं.

रिंकच्या फाटकाला वीतभर उंच उंबरा होता. खाली लाकूड, वर पत्रा. उभ्या माणसाला तो दिसतही नाही, पाय उचलला की झालं. स्लेजला मात्र ती भिंतच. म्हणून क्लबच्या दोन दांडग्या पोरांनी ताईला स्लेजसकट उचलून बर्फावर ठेवलं. अंघोळीला धरलेल्या मांजरीसारखा तिचा चेहरा झाला होता.

बर्फावर तिला धड सरळ जाता येईना. ती जागच्या जागी गरगरली, एका कुशीवर पडली, दात-ओठ खात उठली. तेवढ्यात दाढीवाला चकतीमागून सुसाट आला आणि तिला धाडकन आपटला. "बाजूला हो की!" ओरडला आणि तसाच पुढं गेला. मी खिडकीतून उठून उभी राहिले. म्हटलं, आता या माणसाचं काही खरं नाही.

तास संपल्यावर ताई चाकांच्या खुर्चीवरून माझ्या खिडकीशी आली. कपाळावर टेंगूळ.

"त्यानं मला धडक दिली," ती म्हणाली.

"बघितलं मी. यांना सांगू का त्याला समज द्यायला?"

"गप्प बस. धडक दिली आणि सॉरीसुद्धा म्हणाला नाही." ती हे असं सांगत होती की जणू कुणी तिच्यासाठी फुलं आणली होती. "ट्रकनंतर मला सगळे काचेच्या भांड्यासारखे धरतात. हा पहिला माणूस."

त्यानंतर दर रविवारी सकाळी ती यायची. हळूहळू आणखी लोक जमले. मधुमेहानं एक पाय गेलेला पोस्टमन आला, जन्मापासून पायांत जोर नसलेली बेकरीवाली आली, इतरही कुणी कुणी आले. ताईला खेळ फारसा यायचा नाही, अजूनही येत नाही. पण अंगावर जाण्यात तिच्यासारखी कुणी नाही. पोस्टमन म्हणायचा, "चकती कुठंही असो, बाई माझ्याकडेच येते."

पण प्रत्येक वेळी आत जाताना उचलायचं, बाहेर येताना उचलायचं. खेळाडूंचा बाक उंचावर, त्याच्यापुढची भिंत पांढरी, आरपार काही दिसायचं नाही. उभ्यानं खेळणारे भिंतीवरून बघतात. यांना तिथं बसवलं तर पुढ्यात नुसता पांढरा रंग. खेळ ऐकू यायचा, दिसायचा नाही. म्हणून ज्यांची पाळी नसेल ते बर्फावरच भिंतीकडेला पडून राहत, उतरवून ठेवलेल्या पोत्यांसारखे.

ताईनं माझ्या नवऱ्यामागं टुमणं लावलं. उंबरा काढ. बाकापुढं पारदर्शक भिंत लाव. बाक बर्फाच्या पातळीवर आण. नवरा म्हणायचा, "बघू." अध्यक्ष म्हणायचे, "अहो, आमची मुलं आनंदानं उचलतात ना! त्यात त्यांनाही समाधान आहे." त्यांनी फोटोग्राफर बोलावून तसा एक फोटोच काढून घेतला. दोन पोरं हसतायत, मध्ये अधांतरी ताई. खाली मोठ्या अक्षरांत 'आधार'. तो प्रवेशद्वाराशी लावला. ताई आली की खुर्चीवरून काठीनं तो फोटो भिंतीकडे फिरवायची. ती गेली की मी सरळ करायचे. माझंही पोट त्याच नोकरीवर होतं.

मग व्हायचं ते झालं. एका रविवारी उचलणाऱ्यांपैकी एकाचं लक्ष फोनकडे गेलं, हात सुटला, आणि पोस्टमन उंबऱ्यावर खांद्यावर आपटला. गळ्याजवळचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या सांगण्यावरून नवऱ्यानं फाटकावर पाटी लावली : सुरक्षेच्या कारणास्तव स्लेज हॉकी पुढील सूचनेपर्यंत बंद.

संध्याकाळी ताई आमच्या दारात. आमच्या घराला पायऱ्या आहेत. नवरा नेहमीप्रमाणे तिला उचलायला खाली गेला तर ती तिथूनच ओरडली, "हात लावायचा नाही!" सगळी गल्ली खिडक्यांत आली. भांडण पायऱ्यांवरच झालं. ती खाली, तो मध्ये, मी वर दारात.

"पडला तो, आणि शिक्षा कुणाला? पडणाऱ्याला!" ती म्हणाली.

"ताई, उद्या कुणाची मान मोडली तर जबाबदार मी."

"उंबरा काढ, म्हणजे कुणी पडणार नाही."

"तो माझ्या हातात आहे का? अध्यक्ष नको म्हणतात. उंबरा काढला तर फाटकाखाली फट राहते, चकती बाहेर जाते. क्लबचा खेळ बिघडतो."

"म्हणजे चकती बाहेर जाऊ नये म्हणून माणसं बाहेर."

मला राहवलं नाही. मी वरून म्हटलं, "ताई, यांची नोकरी घालवूनच तुमचा जीव शांत होणार आहे का? मुलांच्या शाळेचा खर्च कुणी भागवायचा, तुमच्या त्या दाढीवाल्यानं?"

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तू दार लाव," ती म्हणाली, "पडदे बाहेरून दिसतायत."

मी दार असं आपटलं की कडी निसटली.

क्लबचा अंतिम सामना आठवड्याभरावर आला होता. शेजारच्या गावाशी सामना, आणि त्या गावाशी आमच्या गावाचं वैर आजोबा-पणजोबांपासूनचं. सामना दुपारचा. त्या दिवशी रिंक सकाळपासूनच भरायला लागली. मी बुटांची खिडकी बंद करून गर्दी बघत होते. बर्फ घासून झाला, यंत्र बाहेर गेलं, आणि फाटक लावायच्या आत ताई तिथं पोचली. खुर्चीवरून खाली उतरली, हातांवर शरीर तोलत उंबऱ्यावरून पलीकडे गेली, सोबत आणलेली स्लेज मागून ओढून घेतली, स्वतःला पट्ट्यांनी आवळलं आणि थेट मधल्या वर्तुळात जाऊन बसली. राखणदार पळत येईपर्यंत सगळं उरकलं होतं.

सुरुवातीला लोकांना वाटलं, सामन्याआधीचा काही कार्यक्रम आहे. टाळ्या वाजल्या. मग ती ओरडली, "उंबरा निघेपर्यंत मी हलणार नाही!" टाळ्या थांबल्या. जरा वेळानं शिट्ट्या, मग हुर्यो. कुणी कागदी पेला फेकला. "बाहेर काढा हिला!" "पाय गेले तसं डोकंपण गेलं का?" आमच्या गावात एवढं विष आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि ओरडणाऱ्यांत दर आठवड्याला माझ्याकडून हसून बूट नेणारे निम्मे होते.

अध्यक्षांनी दोन पोरांना पाठवलं. ताईनं काठ्या उलट्या धरल्या, खिळे पुढं. "लाव हात," ती म्हणाली. पोरं परत फिरली.

मग मी गेले. मला बर्फावर चालता येतं. पायांत बूट चढवले आणि तिच्यापाशी जाऊन उभी राहिले. "ताई, पुरे झालं. चला. लोक थुंकतील अंगावर."

"थुंकू देत. बर्फात भर पडेल."

"तुम्हाला लाज नाही, पण आम्हाला आहे."

"लाजेनं उंबरा निघणार असेल तर माझ्या वाटची पण तू घे," ती म्हणाली. तिचे ओठ थंडीनं निळे पडले होते.

अध्यक्षांचा आवाज चढला तसा शेवटी माझा नवरा स्वतः बर्फावर उतरला, ऑफिसच्या बुटांनी. चार पावलं टाकली आणि सपशेल उताणा! सगळी रिंक हसली. तो कोपरावर उठू पाहत होता, तेवढ्यात ती दोन पोरं धावली आणि त्यांनी त्याला दोन्ही बगलांत धरून वर उचललं. तो म्हणत होता, "सोडा, मी उठतो. अरे, सोडा म्हणतो ना!" पोरं म्हणत होती, "राहू द्या साहेब, लागेल." पाय हवेत हलतायत, कोट मानेपर्यंत चढलाय, आणि लोक हसत टाळ्या वाजवतायत. तसंच त्याला फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. एकानं तर त्याच्या पाठीवर थोपटलं.

मी त्याचा चेहरा पाहिला. कान लालबुंद. एवढी वर्षं संसार केला, पण त्याचा असा चेहरा मी कधी बघितला नव्हता. त्यानं कोट नीट केला, माइक घेतला नाही, भाषण केलं नाही. आतल्या बाजूला गेला आणि रिंकच्या सुताराला घेऊन आला. भिंतीच्या फळ्या प्रत्येक सामन्यात फुटतात, म्हणून सुतार कायम हजर असायचा.

"उंबरा काप," नवरा म्हणाला.

"आत्ता?" सुतारानं विचारलं.

"आत्ता."

अध्यक्ष धावत आले. "कुणाला विचारून?"

"मॅनेजर मी आहे."

"संध्याकाळपर्यंतच!"

"संध्याकाळपर्यंत पुष्कळ वेळ आहे," नवरा म्हणाला आणि सुताराला खूण केली.

करवतीचा आवाज सुरू झाला. पत्रा किंचाळत होता, वर माणसं किंचाळत होती. अध्यक्ष मग माझ्याकडे वळले. "तुमच्या घरातली ती बाई वेडी आहे. दुष्ट आहे. सगळ्या गावाचा सण नासवला."

"दुष्ट आहेच," मी म्हटलं. "माझ्याइतकं ते कुणाला ठाऊक नाही. पण तिला तसं म्हणायचा हक्क माझा आहे, कारण मी तो भोगून कमावलाय. तुम्ही तोंड आवरा."

हे मी का बोलले ते मला अजून कळलेलं नाही. तोंडातून गेलं खरं.

उंबरा निघाला. बर्फ आणि बाहेरची चटई एका पातळीवर आली. ताईनं काठ्या रोवल्या आणि त्या हुर्योत, शांतपणे, कुणाचाही हात न लागता स्लेजवरून बाहेर आली. माझ्या नवऱ्यासमोरून गेली. मला वाटलं आता तरी काही बोलेल. ती कापलेली कडा बघून सुताराला म्हणाली, "धार राहिलीय इथं. कानस मार."

पुढं काय झालं ते चांगलं नाही. सामना झाला. फाटकाखालची फट बुजवायला सुतारानं रबराची पट्टी ठोकली होती, पण ती घाईची. ऐन शेवटी, बरोबरी असताना, आमचा गोल करू पाहणारा खेळाडू चकती घेऊन वळला आणि ती पट्टीखालून बाहेर गेली. खेळ थांबला, पुन्हा सुरू झाला, आणि शेजारच्या गावानं गोल केला. गाव हरलं. त्या संध्याकाळी माझा नवरा नोकरीवरून गेला, आठवड्यानं मीही गेले. ताईच्या खुर्चीच्या दोन्ही चाकांचे टायर कुणीतरी कापले. पाणी खात्याच्या फोनवर लोक मुद्दाम तिलाच मागून घाणेरडं बोलायचे. ती ऐकून घ्यायची आणि शेवटी विचारायची, "नळाची काही तक्रार आहे का? नसेल तर ठेवा."

कापलेला उंबरा मात्र परत बसवायची हिंमत कुणाला झाली नाही. पोस्टमननं हाड मोडल्याबद्दल वकील गाठला होता. पुन्हा उंबरा बसवायचा म्हणजे धोका ठाऊक असून मुद्दाम ठेवला अशी कोर्टात आपल्या तोंडानं कबुली दिल्यासारखं होतं, हे अध्यक्षांना त्यांच्याच वकिलानं समजावलं. नव्या मॅनेजरनं मग खालपर्यंत येणारं, वर उचललं जाणारं फाटक बसवलं. चकती अडते, स्लेज जाते. पुढच्या हंगामात बाकापुढची भिंतही पारदर्शक झाली. ताईमुळे झाली असं कुणी म्हटलं नाही, आणि तिच्या नावाची पाटी तर लागलीच नाही.

स्लेजचा संघ झाला. कप्तान बेकरीवाली. ताईला कुणी कप्तान केलं नाही, कारण तिच्याशी कुणाचं पटत नाही. शेजारच्या गावाशी झालेल्या पहिल्या सामन्याला मी गेले, नवरा आला नाही. त्यानं तो सगळा हिवाळा बहिणीशी एक शब्द काढला नव्हता. सामन्यात ताईनं समोरच्या संघातल्या एका पोराला पाठीमागून असं उडवलं की पंचानं तिला खेळाबाहेर बसवलं. शेजारच्या गावाचे लोक हुर्यो करत होते, आणि आमचे लोक त्यांना उलट शिव्या देत होते. माझ्या मागच्या रांगेतला एक जण तर तिच्या बाजूनं घसा फोडून ओरडत होता. पेला फेकणारा हाच असं मला वाटलं. चेहरा नीट आठवला नाही.

नवऱ्याला वसंतात पोहण्याच्या तलावावर काम मिळालं. पगार कमी, पण तिथं पाणी गोठत नाही. मी एका दवाखान्यात नावं पुकारते. आमच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून घेतला, कारण धाकटीची सायकल चढवायला सोपं जातं. मी सगळ्यांना कारण हेच सांगते.

त्या उतारावरून एका रविवारी ताई वर आली. न बोलावता. नवरा टेबलापाशी बसला होता, त्यानं मान वर केली नाही. मी चहा ठेवला. तिनं चहा घेतला, पाणचट आहे म्हणाली, आणि मग कप खाली ठेवून भावाकडे वळली.

"काल तुझ्या तलावावर गेले होते. पाण्यात उतरायला नुसती शिडी आहे. उतरायचं कसं माणसानं?"

नवऱ्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "ताई, अजून माझं ओळखपत्रसुद्धा आलेलं नाही."

"येऊ दे ना," ती म्हणाली. "मला कुठं घाई आहे? आज पोहायचा पोशाख आणलेला नाही."